लेकीचं घर लावायला गेले होते

काल रविवार, तरी साडेचारलाच उठले. आमच्याकडे साताऱ्यात कासचं पाणी पहाटे येतं, ते भरल्याशिवाय घरातून पाय निघत नाही. पाणी भरलं, सासूबाईंच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा तीन वाट्यांत काढून ठेवल्या, ह्यांच्यासाठी मेथी परतली, कुकर लावला आणि मग पिशवी भरायला घेतली. कांदालसूण मसाला, भाजणी, मेतकूट, कोरेगावचा वाघ्या घेवडा, कंदी पेढे आणि ओटा पुसायला जुन्या सुती साडीची फडकी. हे म्हणाले पुण्यात सगळं मिळतं, मिळतं की, पण पहिल्या दिवशी घरात काहीतरी घरचं असावं असं मला वाटतं.

लेक पाच वर्षं पीजीत राहिली. आता पहिल्यांदा स्वतःचा वन बीएचके घेतलाय, भाड्याने, कोथरूडला. एकटी मुलगी म्हटलं की कितीतरी मालकांनी फोनवरच नाही सांगितलं, त्याचं मला फार वाईट वाटायचं, कमावती मुलगी, वेळेवर भाडं देणारी, अजून काय पाहिजे? हे मालक-मालकीण मात्र चांगले भेटले.

सातची विनाथांबा एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून (२०२३ च्या मार्चपासून) मी पुण्याला जायचं म्हटलं की दोनदा विचार करत नाही. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत डोळा लागला होता, नंतर काही झोप आली नाही. स्वारगेटला लेक उभीच होती, मेट्रोने जिल्हा न्यायालयाला बदलून वनाजच्या लाइनवर, अख्ख्या रस्त्यात तिने पिशवी मला धरू दिली नाही.

अकरा वाजता भाडेकरारासाठी एजंट अंगठ्याचं मशिन घेऊन येणार होता म्हणून आधी स्वयंपाकघर घेतलं. ओट्याच्या कडेला जुन्या तेलाचा चिकट थर बसलेला, सोडा आणि लिंबू लावून सुरीच्या पाठीने खरवडला. लेक माळा पुसत होती, मी डब्यांवर नावं चिकटवत होते. सिंकचा नळ ठिबकत होता, ती प्लंबरला फोन लावत होती तेवढ्यात मालकांनीच खालून वॉशर आणून बसवून दिला.

भाडेकरार आता घरी बसून ऑनलाइन होतो. लेकीने मला समजावलं की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि रजिस्टर असावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांचा करार, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचे अंगठे. साक्षीदारांत एक मालकीणबाई आणि एक मी.

माझा अंगठा काही केल्या लागेना. चार वेळा ठेवला, चार वेळा लाल. एजंट पोरगा म्हणाला, "काकू, हात धुवून या, मग बोट जरा कपाळाला घासा." घासलं, तरी नाही. मग तो सहज म्हणाला, भांडी घासून घासून रेषा पुसट होतात, बऱ्याच काकूंचं असं होतं. मी अंगठा उजेडात धरून बघितला तर खरंच, मधला भाग अगदी गुळगुळीत आणि कडेला विळीने कापल्याच्या दोन आडव्या खुणा. लेक काही बोलली नाही, माझा हात तिच्या हातात घेऊन बसली. शेवटी डाव्या हाताची अनामिका लागली, हिरवं झालं.

मग तिने मला स्क्रीनवर तिचं नाव दाखवलं, पूर्ण नाव, त्याच्यापुढे घराचा पत्ता. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या नावावर लाइटचं बिलसुद्धा नाही, त्याबद्दल कुणावर राग नाही, तेव्हा कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. पण भाड्याचं का होईना, माझ्या पोरीच्या नावाने एक दार उघडतंय आणि साक्षीला माझं बोट लागलंय, हे बघून मला भरून आलं.

दुपारी गॅसवर दूध ठेवलं आणि उतू जाऊ दिलं. नंतर पिठलं-भात, जमिनीवर बसून, पेपरवर ताटं ठेवून. जेवल्यावर फोडणीचे डबे कुठे ठेवलेत ते तिला दोनदा दाखवलं, हिंग वरच्या फळीवर, मोहरीच्या मागे.

साडेपाचला निघायचं होतं तर लक्षात आलं की पडद्यांचं माप राहिलंय. टेप कुठल्या खोक्यात गेली सापडेना, म्हणून परकराची नवी नाडी काढली, हॉलच्या खिडकीच्या रुंदीला एक गाठ, उंचीला दोन, बेडरूमच्या रुंदीला तीन, उंचीला चार. घरी पोचले तर साडेनऊ झाले होते, ह्यांनी सासूबाईंना खिचडी वाढून झोपवलं होतं. नाडी पर्समध्येच आहे. आज दुपारी मोती चौकात जाऊन कापड बघते, तिला फिका पिवळा हवाय.