पाच हजार खड्डे

गिरणाऱ्याच्या पुढे, वाघेरा घाटाच्या अलीकडे एका द्राक्ष बागायतदाराचा आठ एकरांचा डोंगरउतार आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे पिकाखाली नसलेली जमीन; घरच्यांच्या तोंडी ‘वरचं रान’. खाली बाग, शेततळं, पॅकिंगची शेड, सगळं कसं जिथल्या तिथं. वरच्या रानाकडे मात्र मालकांच्या वडिलांनंतर कुणी फिरकलेलं नाही. खाजगी जमिनीवरच्या अशा रानांची पाहणी करून तिथं काय करावं आणि काय करू नये, हे सांगणं हे माझं काम. इथं मला बोलावलं होतं ते नुसती रोपांची यादी करायला. एका कंपनीच्या वृक्षारोपण कार्यक्रमातून पाच हजार रोपं फुकट मिळणार होती. अट एकच, खड्डे मालकाने घ्यायचे, ओळीत, फोटोत नीट दिसतील असे.

जानेवारीचा शेवट होता. द्राक्षाची काढणी सुरू झालेली, त्यामुळे मजूर मिळणं मुश्कील. गिरणाऱ्याच्या नाक्यावर पेठ-हरसूलकडून येणारी माणसं उजाडायच्या आत बागांवर निघून जातात. म्हणून मालकांनी जेसीबी सांगितला होता. मी पोहोचले तेव्हा तो पायथ्याला उभा होता, ड्रायव्हर बादलीच्या दातांना टेकून चहा पीत होता आणि मालक फोनवर व्यापाऱ्याशी भावावरून हुज्जत घालत होते.

“मॅडम, आधी सगळी घाणेरी लोटून घेतो, मग खड्डे,” मालकांचा मुलगा म्हणाला. “झाडं तर नाहीतच इथं.”

लांबून पाहिलं तर त्याचं म्हणणं खरं वाटावं असंच ते रान होतं. खालच्या बांधाला कुठल्याशा जुन्या योजनेतली उंदीरमारीची (गिरिपुष्पाची) रांग. मधल्या उतारावर डोक्याएवढी घाणेरी, म्हणजे टणटणीची झुडपं, तिच्यातून वर आलेले चार-दोन पळस आणि एक वाकडा बिबा. सगळ्यात वर, पूर्वी नागली-वरई पिकायची ती सपाटी, आता नुसतं गवत. त्या गवतात शेजारच्या पाड्यावरचे एक बाबा शेळ्या घेऊन बसले होते. यंत्र आलंय म्हटल्यावर तेही खाली उतरले.

मी ड्रायव्हरला अर्धा तास थांबायला सांगितलं. मुलाच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण भाडं तासावर होतं. कुदळ घेऊन आम्ही घाणेरीच्या कडेने वर चढलो. तिथं सागाची एक काडी होती, बोटभर जाड, जेमतेम गुडघ्याला लागणारी, पिवळी पडलेली दोन मोठी पानं लोंबत असलेली. कुणीही म्हणेल, गेल्या पावसाळ्यातलं रोप. मी तिच्या बुडाची माती उकरायला घेतली. चार बोटं खाली कुदळ टणकन थांबली. हाताने माती बाजूला केली तर खाली माझ्या मनगटाहून जाड गाठ. तिच्यावर जुन्या जळक्या खुंट्या, एकीला लागून एक. एक चिमटीत धरून चुरडली, बोटं काळी झाली. गाठीखाली हात-सव्वा हात खणलं, मुरूम लागला, तरी मूळ अंगठ्याएवढं जाड राहून खाली जातच होतं.

मुलगा उकिडवा बसला. “हे एवढं जुनं?”

“किती जुनं ते सांगता नाही येणार, पण तुझ्या कॉलेजच्या आधीचं नक्की.”

अशा रानात झाडं असतात, नुसती वर येत नाहीत. उन्हाळ्यात वणवा शेंडा जाळतो, पावसाळ्यात फूट आली की शेळी खाते, त्यातून वाचली तर कोयता आहेच. खालचं मूळ मात्र मरत नाही. चार महिने पानं राहिली तरी तेवढ्यात तयार झालेलं अन्न मुळाशी साठतं. वर काडीची काडीच राहते आणि खाली गाठ वाढत जाते. नर्सरीतून सागाचे स्टंप आणून लावतात तेही याच जोरावर, शेंडा छाटलेला, पण मुळात दम असलेला. नुसता साग नाही, पळस याच जातकुळीतला, आणि ऐन-धावडाही बुंधा तुटला म्हणून हार मानत नाहीत.

बाबा इतका वेळ नुसते बघत होते. ते घाणेरीत शिरले आणि काठीने फांद्या दाबून धरल्या. आत ऐनाचा खुंट, मांडीएवढा, जमिनीबरोबर तासलेला, कडेने फुटव्यांचं जाळं. “ह्याला दर साली मीच तोडायचो, ताई. राबाला. हे मेलेलं नाय.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्र्यंबक, पेठ, इगतपुरीकडे भाताचं आणि नागलीचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला आणि झाडांची टाहळ, म्हणजे पाल्यासकट तोडलेल्या फांद्या, पसरून भाजतात, तो राब. ऐन त्यात फार. राबामुळे जंगल गेलं असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. टाहळीसाठी तोडलेलं झाड जिवंत राहतं, कारण पुढच्या वर्षी पुन्हा टाहळ हवी असते. मुळासकट उपटणारं यंत्र त्या दिवशी पहिल्यांदाच तिथं आलं होतं.

मग मी दोरी काढली. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन टाकून त्यातले जिवंत खुंट आणि मुळावरच्या फुटी मोजल्या. मुलगा आकडा लिहीत होता, बाबा नावं सांगत होते. साग, ऐन, धावडा, पळस, बिबा, दोन मोह. चाळीसच्या वर गेलो. मालकांचा फोन संपला होता, ते वर आले तेव्हा मी त्यांना एवढंच गणित घातलं: आठ एकरांत पाच हजार रोपं म्हणजे या चौकोनात साधारण पंधरा. चाळीस जिवंत मुळं उपटायची आणि पंधरा पिशवीतली रोपं लावायची, ज्यांना मुरमात निदान दोन उन्हाळे टँकरने पाणी घालावं लागेल. शिवाय या उतारावरची माती एकदा मोकळी केली की वाघेऱ्याकडचा पाऊस ती थेट शेततळ्यात आणून टाकणार. शेततळ्याचं नाव निघाल्यावर ते गंभीर झाले, हे खरं.

“पण हे असं झुडूपच राहिलं तर झाड कधी होणार?”

मी त्यांना ऐनाचे फुटवे दाखवले. एका खुंटावर दहा-बारा, सगळे एकमेकांना ढकलत वर निघालेले. सरळ आणि जोमदार दोन ठेवायचे, तेही खुंटाच्या बुडातून निघालेले, वरच्या कुजक्या कडेचे नाहीत. बाकीचे धारदार कोयत्याने तिरपा काप घेऊन काढायचे, म्हणजे पाणी साचत नाही. मालकांनी एक फुटवा हातात धरून पाहिला. “म्हणजे खरड छाटणीनंतरची विरळणीच की. सगळी फूट ठेवली तर एकही काडी पक्की होत नाही.” नाशिकच्या बागायतदाराला याहून जास्त समजावावं लागत नाही. पुढची दहा मिनिटं तेच मुलाला शिकवत होते.

मुलाने लगेच कोयता उचलला. त्याला थांबवलं. साग, ऐन, खैर, मोह, तिवस, हिरडा, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या मालकीच्या जमिनीतलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. फुटवा बारीक आहे म्हणून चालून जाईल असं धरण्यात शहाणपण नाही. निशाणी करून ठेवायची, अर्ज करायचा, तोवर घाणेरी काढायची.

घाणेरी काढण्यात मेख आहे. वरून कापली तर चौपट फुटते. यंत्राने ओढली तर मूळ अर्धं तुटून राहतं आणि उकरलेल्या मातीत तिचंच बी उगवतं. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत साधी आहे: जमिनीच्या दोन बोटं खाली कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. मग फांदी मातीला टेकून पुन्हा रुजत नाही. फळं धरण्याआधी केलं तर उत्तम. सगळी एकदम काढायची नाही, उतारावर पट्ट्यापट्ट्याने. आणि पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यानंतर फेरी मारायची, विशेषतः पळसाखाली, कारण बुलबुल फळं खाऊन तिथंच बसतात. काम कंटाळवाणं आहे, फोटोत काहीच येत नाही.

जेसीबीला मग काम मिळालं ते रस्त्याकडेचा बांध दुरुस्त करण्याचं. ड्रायव्हर खूश होता, उतारावर यंत्र घालायला तो तसाही फारसा राजी नव्हता.

माझ्या लेखी इथं सगळ्यात अवघड बोलणं दुपारी झालं, भाकरी खाताना. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला मोकळा पट्टा, काढायची, रान तीन-चार वर्षं चराईला बंद ठेवायचं, असं मी म्हणाले. मालकांनी मान हलवली. बाबा म्हणाले, “आणि आमची टाहळ?” कुणी बोलेना. मालकी मालकांची होती, त्यात वाद नव्हता. पण उन्हाळ्यात पाड्यावरची माणसं पाठीशी नसतील तर वणवा विझवायला वर कोण धावणार? कुंपणाने आग थांबत नाही.

मी खालच्या बांधाची उंदीरमारी काढायच्या यादीत घातली होती. परदेशी झाड, खाली गवतही धड उगवू देत नाही. पण तिची टाहळ दरवर्षी तोडली तरी पुन्हा येते, भाताच्या खाचरात हिरवळीचं खत म्हणूनही चालते. म्हणून ठरलं ते असं: उंदीरमारीची रांग राहील आणि ती पाड्याची. परवानगी मिळाली की विरळणीतला पाला-फांद्याही पाड्यालाच. मधला उतार शेळ्यांना बंद. जाळरेषा काढायची मजुरी मालक देतील, तीही पाड्यावरच्याच माणसांना. मजुरीच्या आकड्यावर बराच वेळ घासाघीस झाली, त्यात मी पडले नाही. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते की उंदीरमारीच्या राबावर नागलीचं रोप पिवळं पडतं. बघू, मी म्हणाले.

वरच्या सपाटीवर मात्र नांगराने जुनी मुळं केव्हाच संपली होती. तिथं लावण्याशिवाय इलाज नव्हता, म्हणून यादी अखेर तिथल्यापुरती केली: हिरडा, बेहडा, आंबा, जांभूळ, कडेने करवंद. मोह रोपाने नको, जूनमध्ये ताजं बी गोळा करून लगेच टोबायचं, ते ठेवून टिकत नाही. हिशेब केला तर सहाशे खड्डे पुरत होते. कार्यक्रमवाल्यांना सहाशेत रस नव्हता. त्यांची रोपं दुसऱ्या कुठल्या गावाला गेली आणि ही सहाशे मालकांनी नर्सरीतून विकत आणली.