माडीवर वाय-फाय का पोचत नव्हतं

साताऱ्यात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. खाली काळ्या दगडाच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर माडी. दहावीच्या गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या मी माडीवरून घेते. गेलं वर्षभर मुलांचं एकच म्हणणं असायचं, "मॅडम, आवाज तुटतोय."

मी लाइनलाच दोष देत होते. ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करून घेतला, तरी माडीवर स्पीड ६-७ च्या वर जाईना. शेवटी तक्रार केली. आलेल्या मुलाने राउटरची केबल थेट लॅपटॉपला जोडून दाखवली. ९४ एमबीपीएस. "ताई, लाइन चोख आहे. तुमच्या भिंतीच आडव्या येतायत," म्हणाला आणि फोनवर सिग्नल मोजणारं ॲप टाकून देऊन गेला.

त्या संध्याकाळी मी घरभर फिरून आकडे वहीत उतरवले. सिग्नल डीबीएममध्ये, उणे आकड्यात दिसतो. शून्याच्या जितका जवळ तितका जोरदार. सोप्यात राउटरजवळ -४२, माजघरात -६१, माडीवर -७९. दर १० ला ताकद दहापट घटते, म्हणजे माडीवर सोप्याच्या जेमतेम पाच हजारावा हिस्सा पोचत होता. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी आपण सावकाश बोलतो, तेच तेच पुन्हा सांगतो. कमजोर सिग्नलवर राउटर आणि फोन नेमकं तसंच करतात. स्पीड पडतो तो तिथे.

दुसरं कोडं डेटाचं होतं. घरात वाय-फाय असून माझ्या मोबाइलचा रोजचा दीड जीबी दुपारीच संपायचा. मला वाटायचं, पुन्हापुन्हा पाठवण्यातच तो जात असेल. पण ती देवाणघेवाण राउटर आणि फोन यांच्यातली, ती सिमच्या हिशोबात येतच नाही. खरं कारण फोनच्या सेटिंगमध्ये सापडलं: वाय-फाय कमजोर झालं की फोन आपसूक मोबाइल डेटावर जायचा. मी माडीवर बसून सिमचं नेट वापरत होते. ते बटण बंद केलं आणि गळती त्याच दिवशी थांबली.

सिग्नलसाठी आधी रिपीटर, म्हणजे वाय-फाय पकडून पुढे देणारा डबा, आणला आणि माडीवरच लावला, ती चूक. जिथे सिग्नलच मेलेला, तिथे तो पुढे काय देणार? तो जिन्याखाली हलवल्यावर माडीवरचा स्पीड २५ पर्यंत गेला. एकाच रेडिओवर घ्यायचं आणि द्यायचंही, त्यात निम्मा वेग जातो. मग सरळ जिन्याच्या कडेने २० मीटर कॅट-६ (नेटवर्कची) केबल वर ओढली, तिला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेट वाय-फायने वाटायला, जोडला. शेजारपाजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी असते म्हणून वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात खालच्या राउटरला चॅनेल (पट्ट्यातली वाट) १, वरच्याला ११ ठेवला. लॅपटॉप मात्र ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. त्याला भिंत सोसत नाही, पण एका खोलीत त्याच्याइतका वेग २.४ ला नाही.

आता माडीवर -४८ आणि ९० च्या आसपास स्पीड. सिमचा डेटा रात्रीपर्यंत उरतो. घरच्या लाइनवरचा डेटा मात्र जास्त लागू लागला, आणि तेही बरोबरच आहे. सिग्नल कमी असताना व्हिडिओ आपोआप धूसर चालायचे, तासाला जीबीच्या आत. आता एचडीत साधारण ३ जीबी लागतात. मुलांसाठी रेकॉर्ड केलेले तासही मी आता रात्री जेवणानंतर माडीवरूनच नेटवर चढवते. पूर्वी त्यासाठी लॅपटॉप घेऊन सोप्यात यावं लागायचं.