शॅम्पूची वडी आणि बोअरचं पाणी

प्लॅस्टिकच्या बाटल्या नकोत म्हणून शॅम्पूच्या दोन वड्या आणल्या. आज पहिली लावली. आमच्या लातूरच्या बोअरचं पाणी म्हणजे बादलीला पांढरा थर! केस इतके चिकट झाले की कंगव्याच्या दातांत राखाडी मेण अडकलं. वेष्टन वाचलं, तर ती निघाली चक्क साबणाचीच. जड पाण्यातल्या कॅल्शियमनं साबणाचा साका होतो, तोच केसांवर बसला. वैताग! परत न्हायले. दुसरीत साबण नाहीच, पीएच (आम्लतेचं माप) 5.5च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल; केस मोकळे झाले. महाग आहे, पण जाळीवर कोरडी ठेवली तर पुरेल. सासूबाई शिकेकाई निवडत म्हणाल्या, "आमच्या शेंगांना कुठं बाटली होती माय?" पहिली वडी आता हात धुवायला बेसिनवर ठेवलीय.