घरी बिल्डर जेल: लावण्याआधी काढण्याचा विचार

घरी बिल्डर जेल, म्हणजे नखांना मजबुती व आकार देणारे आणि लॅम्पच्या प्रकाशात कडक होणारे जाडसर जेल, लावण्याविषयी बोलताना बहुतेकांचा भर आकारावर आणि चकाकीवर असतो. नख शाबूत राहिले की नाही, हे मात्र जेल काढायच्या दिवशी कळते, आणि ते सहज निघेल की नाही, हे लावतानाच ठरून गेलेले असते. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी पहिली चौकशी करावी ती हीच, की हे जेल ॲसिटोनमध्ये भिजवून निघणारे आहे की केवळ घासून काढावे लागणारे. ब्रशच्या बाटलीत मिळणारे बिल्डर जेल बहुधा पहिल्या प्रकारचे असते. नखे बरीच लांबवण्यासाठी वापरले जाणारे हार्ड जेल दुसऱ्या प्रकारचे असून त्याच्यावर ॲसिटोनचा काहीच परिणाम होत नाही. ज्यांचा फाइलवर (नखे घासायच्या पट्टीवर) हात बसलेला नाही, त्यांनी हार्ड जेलच्या वाटेला जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

पूर्वतयारीला घाई चालत नाही. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली त्वचेची कड, मागे सारल्यानंतरही नखाच्या पृष्ठभागावर मृत त्वचेचा एक पातळ, पारदर्शक पापुद्रा चिकटून राहतो. तो तिरप्या उजेडातच नीट दिसतो आणि काही दिवसांतच जेल मुळाकडून सुटू लागण्यामागे अनेकदा तोच असतो. तो हलक्या हाताने काढून १८० किंवा २४० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा क्रमांक) बफरने नखाची चमक तेवढी घालवावी. नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटरच असते, त्यामुळे ‘चांगले घासले तर जेल चांगले धरते’ ही समजूत महागात पडते. धूळ झटकून, धागे न सुटणाऱ्या कापडाने नख आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की त्यानंतर त्याला बोट लावू नये.

बेस कोट, म्हणजे सर्वात खालचा थर, लॅम्पमध्ये क्युअर झाल्यावर, म्हणजे प्रकाशाने कडक झाल्यावर, बिल्डर जेलचा एक अगदी पातळ थर द्यावा आणि तो ओला असतानाच त्यावर जेलचा एक थेंब नखाच्या मध्यभागी, किंचित मुळाच्या बाजूला ठेवावा. ब्रश नखावर न दाबता, केवळ त्याच्या टोकाने तो थेंब आधी क्युटिकलच्या दिशेने न्यावा, कडेला केसभर जागा सोडून थांबावे आणि मग टोकाकडे ओढावे. आता हात उलटा करून, नख जमिनीकडे राहील असे काही सेकंद धरले की जेल आपल्याच वजनाने मध्यभागी गोळा होते आणि ज्याला ॲपेक्स म्हणतात तो हलका उंचवटा तयार होतो. नखावर पडणारी दिव्याच्या प्रकाशाची रेघ सलग व सरळ दिसली तर पृष्ठभाग समतल झाला असे समजावे. रेघ कुठे वाकडी होत असेल तर तिथे खळगा किंवा गाठ आहे. ॲपेक्स केवळ दिसण्यासाठी नसतो. नखावर येणारा ताण तिथे पेलला जातो आणि म्हणूनच तिथे जाडी हवी, तर कडांना ती नको. एका वेळी एक-दोन बोटेच करून लॅम्पमध्ये घालावीत, कारण पाचही बोटे पूर्ण होईपर्यंत पहिल्या बोटावरचे जेल कडेला ओघळलेले असते. अंगठा वेगळा क्युअर करावा, एरवी तो लॅम्पमध्ये तिरपा राहतो आणि त्याच्या एका बाजूला प्रकाश पुरेसा पोहोचत नाही.

लॅम्पमध्ये अचानक चटका बसतो, त्याचे कारण जेलमधील रेणू एकमेकांना जोडले जाताना उष्णता बाहेर पडते हे आहे. थर जितका जाड तितकी ती अधिक, आणि नख आधीच झिजलेले असेल तर ती अधिकच जाणवते. चटका सहन करत हात आत ठेवू नये. तो लगेच बाहेर काढून थोड्या वेळाने पुन्हा घालावा, वेळ मात्र पूर्ण द्यावी. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर हा यावरचा खरा उपाय आहे.

ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि जिचा परिणाम सर्वाधिक काळ टिकतो, ती म्हणजे ॲक्रिलेटची, अर्थात जेल ज्यांपासून बनते त्या रसायनांची, ॲलर्जी. कच्चे जेल त्वचेला वारंवार लागत राहिले की शरीर त्यातील हेमा (HEMA) या ॲक्रिलेटसारख्या घटकांना प्रतिसाद देऊ लागते. नखाभोवती खाज, लालसरपणा, फोड, कधी नख खालून सुटणे अशी लक्षणे दिसतात. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते, आणि दातांच्या काही फिलिंगमध्ये व हाडांच्या शस्त्रक्रियेतील सिमेंटमध्येही याच कुळातील रसायने असल्याने प्रश्न नखांपुरता उरत नाही. युरोपीय संघाने २०२१ पासून नखांच्या उत्पादनांतील हेमाचा वापर व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, तर १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे टीपीओ या फोटोइनिशिएटरवरही, म्हणजे प्रकाश पडताच जेल कडक होण्याची क्रिया सुरू करणाऱ्या घटकावरही, बंदी आली. ‘हेमा-फ्री’ लिहिलेल्या बाटलीतही दुसरी ॲक्रिलेट असतातच, त्यामुळे त्या दोन शब्दांवर विसंबून राहणे योग्य नाही. त्वचेला लागलेले जेल क्युअर करण्यापूर्वीच पुसून टाकावे, आणि लॅम्प शक्यतो त्याच कंपनीने आपल्या जेलसाठी सुचवलेला घ्यावा. खोक्यावर छापलेल्या वॅटवरून प्रकाशाची तरंगलांबी कळत नाही, आणि हाताला कडक लागणारे जेल आतून पूर्ण क्युअर झाले आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही. अशा अर्धवट जेलची घासताना उडणारी धूळसुद्धा त्रासदायक ठरते. क्युअर झाल्यावर वर राहणारा चिकट थर हवेतील ऑक्सिजनमुळे राहतो. तो दोष नव्हे, पण तोही कच्चाच असल्यामुळे पुसताना त्वचेवर पसरू देऊ नये. खाज सुरू झाली तर ब्रँड बदलून पाहण्यापेक्षा वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

काढताना आधी फाइलने टॉप कोट, म्हणजे सर्वात वरचा चकाकीचा थर, पूर्ण उतरवावा आणि बिल्डर जेलचाही बराचसा भाग घासून पातळ करावा. टॉप कोट तसाच ठेवून भिजवले तर ॲसिटोन आत शिरतच नाही. बोटांच्या त्वचेला पेट्रोलियम जेली लावून, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळावे आणि १० ते १५ मिनिटे थांबावे. खिडकी उघडी असावी आणि जवळपास ज्योत नसावी, कारण ॲसिटोन क्षणात पेट घेते. जेल सुरकुतून सुटे झाले असेल तर लाकडी काडीच्या हलक्या स्पर्शाने सरकते. सरकत नसेल तर पुन्हा गुंडाळावे. खरवडून किंवा सोलून काढल्यास जेलबरोबर नखाचे वरचे पापुद्रेही निघतात. काढल्यानंतर नखे पांढुरकी दिसली तर लगेच घाबरू नये. केवळ कोरडेपणा असेल तर तेल लावल्यावर काही तासांत रंग मूळपदावर येतो, पण बोट फिरवताना खरखरीत चट्टा लागला तर तिथे पापुद्रा गेलेला आहे.

मी स्वतः दर वेळी पूर्ण जेल काढण्याच्या बाजूची नाही. खालचा थर घट्ट असेल तर तो पातळ करून ठेवावा आणि वाढलेल्या भागापुरते नवे जेल भरावे; नखाला ॲसिटोन आणि बफर कमी सोसावे लागतात. मात्र कुठेही कड सुटलेली असेल तर तो भाग घासून काढल्याशिवाय वर नवा थर देऊ नये, कारण त्या फटीत ओल साचते व हिरवट डाग पाडणारे सुडोमोनास जिवाणू वाढू शकतात. नखांना ‘श्वास घेऊ द्यावा’ म्हणून मध्ये खंड घेण्याची गरज नसते, कारण नख मृत केराटिनचे असते आणि त्याचे पोषण मुळातून होते. झिजलेल्या नखाला मात्र वेळ द्यावाच लागतो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला साधारण सहा महिने लागतात. तोवर नखे आखूड ठेवावीत आणि रोज क्युटिकलजवळ जोजोबा तेल चोळावे.