‘विकून टाक’ आणि ‘बिनधास्त टाक’

"गाडी हीट होतेय, काय करू?" गाड्यांच्या मराठी ग्रुपांवर उन्हाळा लागला की हा प्रश्न पडतोच. सोबत लाल रेघेला टेकलेल्या काट्याचा फोटो, बाकी माहिती शून्य. लगेच उत्तरं येतात. "विकून टाक." "हेड पॅकिंग (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, खर्चाची तयारी ठेव." "मागे सर्च करा ना, रोज तेच विचारता." "डबा घेतलास, अजून काय होणार?" विचारणारी बाई असेल तर "मिस्टरांना गॅरेजला पाठवा, मॅडम" हे ठरलेलं.

हा उर्मटपणा उघड असतो, त्यामुळे माणूस त्यापासून सावध तरी राहतो. खरा घोटाळा पुढच्या उत्तरात आहे: "दादा, टेन्शन नको घेऊ. थर्मोस्टॅट काढून टाक, आपल्या हवेत लागतच नाही. बिनधास्त." खाली हात जोडल्याची खूण. विचारणारा खूश, आणि दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅट भंगारात.

थर्मोस्टॅट म्हणजे ठराविक तापमानाला उघडणारी झडप. तो थंड इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की हायवेवर इंजिन गारच राहतं. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत सेन्सर ‘इंजिन थंड आहे’ असं सांगत राहतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि पेट्रोल मिसळून ऑइल पातळ होतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरला टाळून फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. मग सहा महिन्यांनी तोच माणूस तोच प्रश्न घेऊन परत, आणि या वेळी त्याला शिव्या पडतात.

त्यामुळे कोण चांगलं वागलं हे सुरावरून ठरवू नये. उत्तर तुम्हाला तपासणीकडे पाठवतंय की थेट पार्टच्या दुकानात, हे बघावं. "कधी तापते ते सांग आधी" असं तुसडेपणाने विचारणारा काका बहुतेक वेळा ग्रुपमधला सगळ्यात उपयोगी माणूस असतो. त्याच्या प्रश्नाला अर्थ आहे.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला काटा खाली येतो, तर संशय फॅनवर. फ्यूज, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फॅन स्विच, मोटर, या क्रमाने बघायचं. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 सारख्या गाडीत फॅन स्विचच्या दोन वायरी जोडून फॅन फिरतो का बघता येतं. फिरला तर स्विच गेला, नाही फिरला तर फ्यूज, वायरिंग किंवा मोटर. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत टेम्परेचर सेन्सरचा कनेक्टर काढला की ईसीयू स्वतःच फॅन चालू करतो. वायर जोडायचा प्रयोग तिथे करू नये.

गावात ठीक आणि खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर बॉडीचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) बेल्ट घसरतोय, किंवा खालचा होज पाईप ओढ बसून चपटा होतोय. चोंदण्याचं कारण आपल्याकडे बहुतेक वेळा बोअरचं पाणी. त्यातले क्षार नळ्यांत बसतात. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, एवढा साधा नियम पाळला तर निम्मे प्रश्न ग्रुपवर येणारच नाहीत.

थंड गाडी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो, उघड्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, रोज थोडं पाणी कमी होतं पण खाली थेंब नाही, अशा वेळी हेड पॅकिंगचं नाव काढायचं. त्याआधी नाही. हेड खोलणं, फेसिंग (हेड घासून सपाट करणं), पॅकिंग, ऑइल, कुलंट हा खर्च एका रिलेच्या कितीतरी पट असतो, आणि ‘हेड गेलं’ म्हणणाऱ्याच्या खिशातून तो जात नाही.

थर्मोस्टॅटवरच संशय असेल तर तो काढून घरी तपासता येतो. स्वयंपाकात न वापरायचं एखादं जुनं भांडं घ्यावं (कुलंट विषारी असतं, चवीला गोड लागतं म्हणून कुत्र्या-मांजरांनाही धोका). थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवून पाण्यात बुडवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. अंगावर 82 छापलं असेल तर साधारण 82 अंशांना झडप किलकिली व्हायला लागते आणि 95 च्या आसपास पूर्ण उघडते. पाणी उकळलं तरी मिटलेलीच असेल तर नवा घ्या. गार असतानाच उघडी असेल तरी नवा घ्या. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. 0.9 किलो दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. दाब सुटला की त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.

आता विचारणाऱ्याची बाजू. चिडलेल्या जुन्या मेंबरांचं थोडं खरंही आहे. माहितीशिवाय आलेल्या प्रश्नाला अंदाजाशिवाय दुसरं उत्तर देता येत नाही. मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल, किलोमीटर, कधी आणि किती मिनिटांत तापते, एसी चालू असताना की बंद, रिझर्व्ह बाटलीत पातळी किती, आणि गेल्या महिन्यात काय काम केलं, एवढं लिहावं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच लपवतात. पण ‘सर्च करा’ म्हणणाऱ्याने जुन्या चर्चेची लिंक टाकायला काय हरकत आहे? एक ओळ लिहायचे कष्ट घेतलेच आहेत, तर अर्ध्या मिनिटात लिंकही सापडते.

‘बिनधास्त’चं दुसरं लाडकं क्षेत्र म्हणजे हेडलाइट. "उजेड कमी पडतो" म्हटलं की "100/90 चे बल्ब टाक". एच4 या हॅलोजन प्रकाराचा मंजूर बल्ब 60/55 वॅटचा, म्हणजे हाय बीमला 60 आणि लोला 55. 12 व्होल्टवर 60 वॅट म्हणजे 5 अँपिअर, 100 वॅट म्हणजे आठच्या वर. दोन दिव्यांचे मिळून 10 चे जवळपास 17 अँपिअर होतात, आणि जुन्या बऱ्याच गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जातो. स्विच वितळतो, होल्डर करपतो, रिफ्लेक्टर काळवंडतो. समोरून येणारा आंधळा होतो ते वेगळंच. पोलिसांनी धरलं तर सल्ला देणारा पावती भरायला येत नाही.

इथेही आधी मोजायला सांगणारा खरा मदतगार. इंजिन चालू ठेवून लाइट लावा, मल्टिमीटरने बॅटरीवर आणि मग बल्बच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघा. व्होल्टेज 10 टक्के पडलं तर हॅलोजनचा उजेड साधारण 30 टक्क्यांनी पडतो. 13.8 चे 12.4 झाले की दिवा पिवळा दिसायला लागतो आणि माणूस मोठा बल्ब शोधायला लागतो. उपाय 60/55 वरच आहे: लो आणि हायला एकेक 30 अँपिअरचा रिले, बॅटरीजवळ फ्यूज, 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, स्वच्छ अर्थिंग. जुना स्विच फक्त रिले चालवतो. काम झाल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून बीमची उंची बघायची.

ब्रँडच्या भांडणांवर फार लिहिण्यासारखं नाही. ‘डबा’ ही शिवी क्रॅश टेस्टनंतर धारदार झाली. 2014 साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मारुतीच्या अल्टो 800 ला शून्य तारे मिळाले, 2018 मध्ये टाटाच्या नेक्सॉनला पाच. मग 2024 मध्ये मारुतीच्याच नव्या डिझायरलाही पाच मिळाले, तरी शिवी तीच राहिली. तारे त्या मॉडेलचे, त्या सालचे असतात. कंपनीच्या नावाला चिकटत नाहीत. आणि जुन्या अल्टोवाल्याने क्लच प्लेटबद्दल विचारलं असताना त्याला तारे मोजून दाखवणं हा निव्वळ वाईटपणा आहे.

ई20 चं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, तसंच. एक म्हणतो ॲव्हरेज निम्मं झालं, दुसरा म्हणतो काडीचा फरक नाही, आणि दोघे एकमेकांच्या आईबापांवर जातात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे फरक पडणारच. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेला आकडा ई20 साठी जुळवलेल्या गाड्यांना 1 ते 2 टक्के आणि इतरांना 3 ते 6 टक्के असा होता. तो पटत नसेल तर टाकी फुल ते टाकी फुल, तोच पंप, तोच टायर प्रेशर, सलग तीन वेळा मोजून आकडे टाका. एमआयडीवरचा (डॅशबोर्डच्या डिस्प्लेवरचा) फोटो पुरावा म्हणून चालत नाही.

ग्रुप चालवणाऱ्यांना एक सुचवणं आहे. शिवीगाळ करणाऱ्याला काढता तसं, तपासणी न सांगता ब्रेक, स्टिअरिंग किंवा एअरबॅगबद्दल ‘बिनधास्त’ लिहिणाऱ्याची पोस्टही उडवा, भाषा कितीही गोड असो.

आणि ज्याची गाडी नीट झाली त्याने गायब होऊ नये. "थँक्यू दादा" पुरत नाही. शेवटी काय निघालं, कुठला पार्ट, पार्टचे किती आणि मजुरीचे किती, ज्या चार शक्यता सांगितल्या होत्या त्यातल्या तीन कशा बाद झाल्या, हे त्याच चर्चेखाली लिहा. ‘झालं भाऊ’वर संपलेला धागा पुढच्याने सर्च करून उघडला तर त्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि तो पुन्हा लाल काट्याचा फोटो टाकतो.