स्कॅन निर्दोष आला, तरी पाठीतले पाणी तपासावे लागले

थोरल्या भावाला, म्हणजे नानांना, जळगावच्या रुग्णालयात नेले तेव्हा तातडीच्या विभागातील डॉक्टरबाईंनी डोके किती दुखते यापेक्षा ते कसे आणि केव्हा दुखू लागले याचीच अधिक चौकशी केली. केळीचे घड वाहताना ‘डोकामा एकदम घण बसना’, असे नानांनी अहिराणीत सांगताच त्यांनी नेमकी वेळ विचारून ती कागदावर लिहिली. क्षणार्धात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते. म्हणून शुद्ध हरपली होती का, उलट्या झाल्या का, हे विचारून त्यांनी नानांची हनुवटी छातीला टेकते का ते पाहिले, बाहुल्यांवर प्रकाश टाकला आणि हातापायांची ताकद तपासली.

सिटी स्कॅन लगेच झाला. त्यात ताजे रक्त पांढरे दिसते, आणि दुखणे सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत चांगल्या यंत्रावर तो काढला व जाणकाराने पाहिला, तर असा रक्तस्राव क्वचितच निसटतो. नाना मात्र शेतातून येऊन बाम चोळून झोपले होते, आणि १०८ ची रुग्णवाहिका तापीचा पूल ओलांडेपर्यंत ती मुदत टळली होती. त्यामुळे स्कॅन निर्दोष असूनही डॉक्टरबाईंनी घरी सोडले नाही; मेंदूभोवतीचेच पाणी पाठीच्या कण्यातही असते, त्यात रक्त आहे का ते पाहण्यासाठी पाठीतून पाणी काढावे लागेल, असे त्यांनी सांगितले.

घरचे इथे अडले. पाठीत सुई टोचली की माणूस कमरेतून जातो, हे आमच्याकडे सगळ्यांनी ऐकलेले, आणि वहिनी सही करायला तयार होईनात. डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि स्वतःच्या पाठीवर हात ठेवून दाखवले, की मज्जारज्जू वरच संपतो आणि सुई त्याच्या खाली, जिथे नुसते पाणी व मज्जातंतूंचे धागे असतात तिथे जाते. नंतर काही दिवस डोके दुखू शकते, हेही त्यांनी लपवले नाही. त्या समजावून सांगण्याला मी स्कॅनइतकेच महत्त्व देतो, कारण त्याशिवाय वहिनींनी नानांना घरी नेले असते. पाणी काढण्यापूर्वी दुखणे सुरू झाल्यापासूनचे १२ तास पूर्ण होऊ दिले. सांडलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून पाण्याला पिवळी झाक येण्यास तेवढा वेळ लागू शकतो, आणि हे रक्त आधीचे की सुईमुळे आलेले, ते त्या झाकेवरून कळते.

पाणी पिवळसर निघाले. मग शिरेतून औषध देऊन केलेल्या अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या चित्रतपासणीत, जिथून रक्त सांडले होते तो मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा सापडला, आणि मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन तो धातूच्या तारेच्या वेटोळ्यांनी बंद करण्यात आला. रक्तवाहिन्या आकसून मेंदूला होणारी इजा कमी व्हावी म्हणून निमोडिपिन हे औषध २१ दिवस, दर ४ तासांनी, रात्री उठवूनसुद्धा द्यायचे होते.

सख्खा भाऊ म्हणून माझाही स्कॅन करावा का, असे मी विचारले. घरात एकालाच असा फुगा असेल तर इतरांची सरसकट तपासणी सहसा करत नाहीत, दोघा सख्ख्या नातलगांना असल्यास विचार करतात, असे उत्तर मिळाले. रक्तदाब नियमित मोजा आणि विडी सोडा, हे मात्र त्यांनी आम्हा दोघा भावांना एकदमच बजावले.