तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रोबोचा हात

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सोबत करील असा परवडणारा रोबो आम्ही बनवत होतो. ‘तुमच्या रोबोचं पुढे काय झालं?’ आणि त्याला जोडूनच, ‘फोन एवढे स्वस्त झाले, मग घरात सोबत करणारा माणसासारखा रोबो का होत नाही?’ कुठेही गेलो तरी हे दोन प्रश्न माझ्या आधी तिथे पोचलेले असतात. पहिल्याचं उत्तर मी टाळतो. दुसऱ्याचं इतकं लांबवतो की विचारणारा घड्याळाकडे बघायला लागतो. तेव्हा एकदा लिहूनच टाकतो.

फोनचं आधी. फोनमध्ये हलणारं असं जवळजवळ काही नसतं. चिप, कॅमेरा, माइक स्वस्त झाले आणि ते रोबोलाही स्वस्तातच मिळतात. त्याबद्दल फोनवाल्यांचे उपकारच आहेत. पण रोबोचा पैसा डोक्यात जात नाही, सांध्यांत जातो. एका हाताला सहा-सात सांधे, आणि प्रत्येक सांध्याला मोटर, गिअरबॉक्स, सांधा किती वळला ते मोजणारा एन्कोडर, मोटरला वीज मोजून देणारा ड्रायव्हर, बेअरिंग. तांबं, चुंबक आणि घासून अचूक केलेलं पोलाद दर दोन वर्षांनी निम्म्या किमतीला येत नाही. स्वस्त गिअरबॉक्स घेतला तर दात्यांत फट राहते. खांद्यापाशी अर्ध्या अंशाची फट म्हणजे पंजापाशी पाच मिलिमीटर, आणि तेवढ्यात गोळ्यांची डबी टेबलाच्या कडेवर आपटते.

कुणीतरी हमखास एक लिंक पाठवतं: ‘ही बघा, 35 किलोची सर्वो मोटर, किती स्वस्त!’ अहो, ते 35 किलो मोटरच्या आसापासून एक सेंटिमीटरवर, आणि अंतर जितके पट वाढेल तितके पट वजन कमी पेलतं. पंजा खांद्यापासून 55 सेंटिमीटरवर असतो. तिथे उरतात जेमतेम सहाशे ग्रॅम, तेही हाताचं स्वतःचं वजन शून्य धरून आणि मोटर जागच्या जागी अडकून तापत असताना. मला लिंका पाठवू नका.

आता गंमत अशी की मीच पूर्वी ह्याच्या बरोबर उलट बोलायचो. ‘संख्या वाढू द्या, मोटरी आपोआप स्वस्त होतील,’ हे मी ठासून सांगायचो, समोरचा ऐकत नसेल तर फळ्यावर आलेख काढून. आणि तो मी अगदीच चूक नव्हता. युनिट्री ह्या चिनी कंपनीने 2024 मध्ये जी-वन हा मानवाकृती रोबो 16,000 डॉलर्सना जाहीर केला, आणि 2025 मध्ये आर-वन 5,900 ला. तेव्हाच्या मला हे आकडे मिळाले असते तर त्याने ते आजच्या माझ्या तोंडावर फेकले असते. मी म्हणालो असतो: बरोबर, पण आर-वनची बॅटरी तासाभराची आहे आणि त्या किमतीत बोटं मिळत नाहीत, नुसत्या मुठी मिळतात. कोलांट्या उत्तम मारतो. तो म्हणाला असता: थांब की थोडा. ह्याच्यापुढे आमचं भांडण सरकत नाही.

तर आमचा रोबो. पाय नव्हते, चाकांचा पाया होता. दोन पायांवर तोल सांभाळणाऱ्या यंत्राची वीज गेली की ते कोसळतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या घरात कोसळणारं काही ठेवायचं नाही एवढं आमचं पहिल्यापासून पक्कं होतं. वर धड, चेहरा, दोन हात. गप्पा मारायच्या, औषधाची आठवण करायची, डबी किंवा चष्मा हातात आणून द्यायचा. खांद्याची मोटर पंजातलं किलोभर वजन पेलेल अशी धरलेली. त्याहून मोठी घेतली असती तर ‘परवडणारा’ हा शब्द खोडावा लागला असता.

चाचणीसाठी एका काकूंकडे ठेवला होता. एकट्या राहायच्या, गुडघे दुखायचे, तोंडाने फटकळ. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्याला दिवसभर झापलं. तो प्रश्न संपायच्या आत बोलायला लागायचा, नाहीतर इतका वेळ गप्प बसायचा की त्या ‘झोपलास का?’ म्हणायच्या. मग त्यांचं जमलं. त्या दिवशी मी तिथेच जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, सांध्यांना जाणाऱ्या करंटचे आलेख बघत. त्याने चष्मा पुढे केला. काकूंनी तो घेतला, डोळ्यांवर चढवला, आणि खुर्चीतून उठताना अगदी सहज, न बघताच, त्याचा पुढे आलेला हात धरून त्यावर भार टाकला.

खांद्याची रेषा स्क्रीनवर सरळ वर गेली. करंट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की मोटर जळू नये म्हणून वीज तोडायची, असा नियम ड्रायव्हरमध्ये असतो. आमच्यातही होता, मीच लिहिला होता, आणि तो पुस्तकात लिहावं इतका चोख चालला. मोटर वाचली. हात लुळा पडला. दाते कडकडत गेले, काकू अर्ध्या उठलेल्या तशाच मागे आल्या आणि मनगट खुर्चीच्या हातावर आपटलं. मी उठून पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. त्या मनगट धरून मला म्हणाल्या, ‘माझ्या वजनाने मोडला का हो तो?’ आणि रोबो, ज्याच्या बोलण्याच्या भागापर्यंत खांद्यात काय झालं ह्याची खबर पोचतच नव्हती, प्रसन्न आवाजात म्हणाला, ‘आणखी काही देऊ का?’

मनगटाला बारीक तडा गेला होता. प्लास्टर लागलं. कागदपत्रांत ‘हातावर भार टाकू नये’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि खाली त्यांची सही होती. हे मी तेव्हा बोलून दाखवलं नाही. आज लिहितोय, कारण तुमच्यातल्या अर्ध्यांनी मला तेच विचारलंय. हो, सूचना दिली होती. पण माणसाच्या आकाराचा हात, माणसाच्या उंचीवर, तळवा वर करून समोर आला तर गुडघे दुखणारी बाई तो धरणार नाही तर काय करणार?

मग मोटर मोठी घ्या, असं म्हणता. हिशोब करू. काकूंनी पंधरा किलो भार टाकला असं धरा. पाया 44 सेंटिमीटर रुंद, म्हणजे कड मध्यापासून 22 वर. भार 55 वर, कडेच्या 33 सेंटिमीटर बाहेर. रोबोला कडेवरून उलटवणारा जोर 15 गुणिले 33 म्हणजे 495. त्याला धरून ठेवणारं रोबोचं वजन 18 किलो, गुणिले 22, म्हणजे 396. खांदा टिकला असता तर अख्खा रोबो त्यांच्या अंगावर आला असता. ते टाळायला पाया जड करा, मग चाकांच्या मोटरी मोठ्या, बॅटरी मोठी, आणि धक्का लागला तर लागणाराही मार मोठा. वीज गेली तरी हात धरून ठेवणारा ब्रेक सांध्यात बसवा, मग त्या आवळलेल्या सांध्यात कुणाचं बोट सापडलं तर? ह्यातल्या एकेका प्रश्नाला उत्तर आहे. पण प्रत्येक उत्तराला वजन आहे आणि प्रत्येक वजनाला किंमत.

जपानात ताकानोरी शिबाता ह्यांनी पारो हा सोबतीचा रोबो केला तेव्हा माणूस सोडाच, कुत्रा-मांजरही न घेता सीलचं पिल्लू घेतलं, कारण सील कसं वागतं हे घरात बसलेल्या कुणालाच नीट माहीत नसतं. हे मी प्रकल्प सुरू करण्याआधीच वाचलं होतं आणि ‘पळवाट’ म्हणून सोडून दिलं होतं. अजूनही मला ती थोडी पळवाटच वाटते. सीलचं पिल्लू मांडीवर बरं, पण चष्मा कोण आणून देणार?

आणि यंत्र विकलं की संपलं असंही नाही. जपानात पेपर नावाचा बोलणारा रोबो 2015 मध्ये 1,98,000 येनांना विकायला आला. मासिक शुल्क आणि विमा धरला तर तीन वर्षांचे दहा लाख येनांच्या वर जात. जीबो ह्या घरगुती रोबोचे सर्व्हर 2019 मध्ये बंद होणार तेव्हा त्यानेच आपल्या माणसांना निरोप घेत असल्याचं सांगितलं. स्वस्त ठेवायचा तर मेंदू बाहेरच्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि त्याचं भाडं कुणीतरी कायम भरावं लागतं. आम्ही तिथवर पोचलोच नाही.

सध्या आमच्या टेबलावर जे आहे त्याला हात नाहीत. जड पाया, कुलूप लागणारी चाकं, आणि कमरेच्या उंचीवर एक पोलादी दांडा. बघणारे म्हणतात, हा तर बोलणारा वॉकर झाला. काकूंनाही दाखवला. दांडा गदागदा हलवून बघितला, ‘हा टिकेल’ म्हणाल्या, आणि मग विचारलं, ‘चष्मा?’ म्हणून खांद्याचं जुनं ड्रॉइंग मी अजून मिटवलेलं नाही. रात्री उघडून गिअरचे आकडे बदलत बसतो, आणि सहकारी वैतागतात. तेव्हा पुढच्या वेळी किंमत विचाराल तर त्याआधी एवढं सांगा, त्याच्या हातावर तुम्ही किती किलो भार टाकणार आहात?